बोलता येईल इतक्याच वेगाने

ताई,

घरात मी तुला कायम 'अहो ताई, तुम्ही' म्हणत आले. मोठी नणंद, त्यात कॉलेजात फिजिक्स शिकवणारी, त्यात समोर सासूबाई. 'तू' फक्त सायकलवर. तेही काही ठरवून झालं नव्हतं. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्यावर मागून खडीचा डंपर आला आणि तू खड्डा चुकवायला नेमकी उजवीकडे निघालेलीस. मी ओरडले, "ताई, आत घे! आत घे ना!" डंपर गेला. आपण कडेला थांबलो. तू बाटलीतलं पाणी प्यायलीस, तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "लग्न होऊन एवढी वर्षं झाली तुझी. आज पहिल्यांदा माणसासारखी बोललीस माझ्याशी. आता हेच ठेव."

मी म्हटलं, आईंसमोर नाही जमणार.

"मग सायकलवर ठेव," तू म्हणालीस.

म्हणून हे सायकलवरच्या भाषेत लिहितेय. तुझा तेरावा नुकताच झाला. डोंबिवलीच्या घरातली पाहुणेमंडळी पांगली. नितीन अजून तुझ्या खोलीत जात नाही. दारापर्यंत जातो, आत दिवा लावतो आणि परत येतो. आपल्या बहिणीला लहानपणी अंधार आवडायचा नाही, एवढंच मला म्हणाला. हे मला माहीत नव्हतं. तुझ्याबद्दल मला माहीत नसलेलं काहीतरी रोज कुणीतरी सांगतं आणि मला राग येतो. हे तू मला का नाही सांगितलंस, एवढे तास होते की आपल्याकडे.

सायकलच्या आधी आपण फक्त नातेवाईक होतो. भाऊबीजेला तुम्ही यायचात, मी ताट वाढायचे, तुम्ही विचारायचात "ऑफिस काय म्हणतंय?" आणि मी म्हणायचे "चाललंय." तेवढंच. तुला मी आखडू वाटत होते, मला तू कडक. पाठदुखीसाठी मी पोहायला लागले, पोहता पोहता पळायला लागले, आणि चाळिशीत डोक्यात खूळ शिरलं की लांब पल्ल्याची ट्रायथलॉन करायची. आधी समुद्रात पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, मग पूर्ण मॅरेथॉन. सगळं एकाच दिवशी. पोहणं बरं होतं, पळणं चालून जाण्यासारखं होतं, सायकलच्या नावाने बोंब. नितीन म्हणाला, "ताईला विचार. कॉलेज सुटलं की ती सायकलवरच असते." मी दोन महिने विचारलं नाही. शेवटी त्यानेच तुला फोन केला.

तो पहिला रविवार आठवतो? मी ठाण्याच्या कोलशेतहून पहाटे गाडीत सायकल टाकून, कळव्याचा पूल ओलांडून शीळफाट्यावरून तुझ्या दारात आले. नवे बूट, नवं हेल्मेट. तुझ्या हँडलला कापडी पिशवी लटकत होती, तिच्यात तिळाच्या वड्या. निघाल्या निघाल्या मी सुसाट सुटले. नणंदेला दाखवायचं होतं ना. खोणी फाट्यापाशी थांबले तर तू मागून शांतपणे आलीस आणि विचारलंस, "मघाशी बोलता येत होतं का तुला?"

"बोलायला कुठे आलोय आपण ताई?"

"त्यासाठीच आलोय. एक अख्खं वाक्य, न धापा टाकता. नाही जमलं, तर वेग जास्त आहे. लांबच्या शर्यतीची सगळी तयारी त्या वाक्याच्या आत राहून करायची."

मग तू मला बोलायला लावलंस. कोपरीतलं माझं माहेर, बाबांचं दुकान, ते बंद पडलं ते वर्ष. मी घाईत तोडून सांगायला लागले की तू म्हणायचीस, "वाक्य पूर्ण कर." म्हणजे हळू हो. मला वाटायचं ही माझी चौकशी करतेय. तू माझा श्वास मोजत होतीस. पुढे पुढे मला कळेना की तू यातलं नक्की काय करतेस, आणि मग कळण्याची गरजही राहिली नाही. आमचं दुसरं मूल राहिलं नाही तेव्हाचं मी नितीनशीही धड बोलले नव्हते. ते मी तुला मुरबाडच्या रस्त्यावर सांगितलं, समोर बघत, पायडल मारत. तूही समोर बघत होतीस. एकमेकींकडे बघायची सोय नव्हती, म्हणून सांगता आलं असेल.

आणि तू तुझं सांगितलंस. सगळे म्हणायचे, शुभदा आईसाठी बिनलग्नाची राहिली. तू म्हणालीस, "आईसाठी कसली! त्याने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. मला हो म्हणावंसं वाटलं तोवर त्याचं दुसरीकडे ठरलं होतं." एवढं बोललीस आणि गिअर बदललास. पुढे चढ होता.

आपण भांडलो ते मात्र कमी नाही. माझ्याकडे वेळ कुठे होता ताई? ऑफिस, येण्याजाण्याचे तास, मुलीची बारावी. मी कुठेतरी वाचलं की कमी वेळात जोराचं काम केलं तर तेच फळ मिळतं. लगेच ट्रेनर घेतला, मागचं चाक अडकवून जागच्या जागी चालवायचं ते यंत्र, आणि बाल्कनीत रोज जीव जाईस्तोवर दामटायला लागले. तू ठाण्याला आलेलीस तेव्हा मी हट्टाने तुला त्यावर बसवलं. पाच मिनिटं पूर्ण जोर, थोडी विश्रांती, परत जोर. तू लालबुंद होऊन उतरलीस, सोफ्यावर आडवी झालीस आणि म्हणालीस, "हे म्हणजे दळण दळायचं आणि पीठ नाही."

"पण याने ताकद येते ताई. नुसतं हळूहळू फिरून चढ चढवणार आहे का मला?"

"येते ना. मी नाही कुठे म्हणतेय? पण रोज? रोज जोर लावलास की एकही दिवस खरा जोर लागत नाही. आणि एकही दिवस खरी विश्रांती होत नाही. मधल्यामधे लोंबकळतेस."

"तुमच्यासारखी चार-चार तास रिकामी नाहीये मी."

तुला लागेल असं मला बोलायचं नव्हतं. तूही लावून घेतलं नाहीस. म्हणालीस, "चार तास नसतील तर दोन कर. पण दोन सोपे कर." मी ऐकलं नाही. त्या वर्षी अर्ध्या पल्ल्याची शर्यत केली, सायकलचा पहिला तास वाऱ्यासारखी गेले आणि पळायची वेळ आली तेव्हा पाय संपलेले. निम्मं अंतर चालत काढलं. तू शेवटच्या रेषेच्या अलीकडे उभी होतीस. मी तयारीत होते की आता ही म्हणणार, सांगितलं होतं ना. तू माझ्या पाठीवर ओला टॉवेल टाकलास आणि विचारलंस, "पहिल्या तासाला मजा आली ना?" मी म्हटलं, खूप. तू हसलीस. त्या दिवशी परत येताना आपण दोघींनी पूर्ण पल्ल्यासाठी नावं द्यायचं ठरवलं. तू चोपन्नची होणार होतीस.

मग तयारी सुरू झाली आणि पाऊस ओसरता ओसरता तू गप्प व्हायला लागलीस.

आधी मला कळलं नाही. बारवीच्या रस्त्यावर मी एकटीच बोलत असायचे. तू "हं" म्हणायचीस. मी सोपे तास करायला अजून कुरकुर करत होते, ट्रेनरवरचं दामटणंही सुटलं नव्हतं, तेव्हा मला वाटलं तू रुसलीस. एकदा मागे वळून पाहिलं तर तू पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून उभी.

"काय झालं?"

"काही नाही. पाणी बघतेय."

तुझ्या मनगटावरचं घड्याळ सांगत होतं की त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला तुझ्या छातीचे ठोके वाढलेत. आपण दोघींनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. जास्त झालंय, दमलंय शरीर. तू जोराचं सगळं बंद केलंस. मग तास कमी केलेस. मग एक आठवडा सायकलला हात लावला नाहीस. ठोके खाली येईनात. शिकवणारी बाई होतीस तू, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघत होतीस. मी म्हटलं, "वर्षानुवर्षं नुसतं लांब लांब करून शरीर कंटाळलंय. थोडं वेगाचं घालून बघ." तू एवढी चिडलीस. "शरीर माझं आहे, मृणाल." त्यानंतरच्या रविवारी मी आले नाही. तूही ये म्हटलं नाहीस.

शेवटी आईंचा फोन आला. "अगं, ही जिना चढताना मधे थांबते. मला म्हणते, तुझ्यासाठी थांबले. मी तर घरात असते."

छातीत पाणी झालं होतं. ते काढलं, तपासलं, मग पोटाचा स्कॅन, मग बीजकोशाचा कॅन्सर, पुढे गेलेला. मी डॉक्टरांना विचारलं, आधी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, हा असाच लपून वाढतो, एवढ्या आठवड्यांनी फार फरक पडला नसता. तू मला बाहेर व्हरांड्यात म्हणालीस, "मलाही ते दमणंच वाटलं होतं. मी तर स्वतःच्या आत होते. तू काय ओळखणार?" मग जरा वेळाने, "तू रुसलीस असं मला वाटलं."

"मला वाटलं तुम्ही रुसलात."

आपण दोघी त्या बाकावर बसून हसलो, आणि हसताना तुला धाप लागली.

केमोथेरपी ठरवताना तू डॉक्टरांना विचारलंस, तीन आठवड्यांनी एकदा मोठा डोस, की दर आठवड्याला थोडा थोडा? त्या म्हणाल्या, "दोन्ही पद्धती आहेत. तुमची आत्ताची तब्येत बघता दर आठवड्याला हलका देऊ या. झेपेल, आणि टिकून घेता येईल." तू खुर्चीतच माझ्याकडे वळलीस. "ऐकलंस? मी जिंकले." डॉक्टर गोंधळून बघायला लागल्या. तू त्यांना म्हणालीस, "काही नाही हो, आमच्या नणंद-भावजयीचं जुनं भांडण आहे."

औषधाने काही आठवडे साथ दिली. त्या दिवसांत मी निम्मे दिवस डोंबिवलीतच असायचे. ट्रेनरही तिकडे आणला, तुझ्या खोलीत, खिडकीपाशी. मीच म्हटलं होतं की शर्यतीतून नाव काढते. तू म्हणालीस, "काढ. मग इथे बसून माझ्याकडे बघत बसशील. त्यापेक्षा चालव." जोराने चालवलं की यंत्र घोंघावायचं आणि तुझी झोप मोडायची. हळू चालवलं की एकसारखा आवाज यायचा, त्यात तुला गाढ झोप लागायची. थांबले की जागी व्हायचीस. मग मी थांबायचेच नाही. दोन तास, तीन तास, शनिवारी त्याहून जास्त. इतकी वर्षं तू ओरडून सांगितलेलं मी कधी केलं नाही, ते तुला झोप लागावी म्हणून केलं.

तू जागी असलीस की आपण बोलायचो. मी सायकलवर होते, म्हणून 'तू' म्हणत होते. आई तिथेच कडवे वाल सोलत बसायच्या. त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांचा हात थांबला. माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि परत वाल सोलायला लागल्या. आपण उगाच एवढी वर्षं घाबरलो ताई.

आपलं शेवटचं भांडण तर पार उलटं झालं. दुपार होती, तू उशीला टेकून माझे पाय बघत होतीस. म्हणालीस, "झोपलेत तुझे पाय. आता जोराचं काम घाल. बाहेर जा, चढ गाठ, दम लागेल इतकं चढ, उतर, परत चढ."

"तू कधीपासून माझ्या बाजूने?"

"शर्यत जवळ आली की थोडं वेगाचं लागतंच. हे काय मला माहीत नव्हतं?"

"मग एवढी वर्षं भांडलीस कशाला?"

"तू पाया न घालता थेट माळा बांधायला निघालेलीस. आता झालाय पाया. आता जा."

"मला हेच बरं वाटतं."

"मृणाल, हे तू माझ्यासाठी करतेस. याने शर्यत होणार नाही."

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाते. खरं कारण सांगितलं नाही. जोर लावायचा म्हणजे त्या खोलीतून बाहेर जायचं, आणि मला बाहेर जायचं नव्हतं. जोर लावला की बोलता येत नाही, आणि मला तुझ्याशी बोलायचं होतं. हे मी म्हटलं असतं तर तू काय उत्तर दिलं असतंस? मी तुझ्या आवाजात बरीच उत्तरं करून बघितली. एकही तुझं वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात तू हॉस्पिटलमधे होतीस. त्या सकाळी मी ऑफिसला गेलेले, कारण आदल्या दिवशी तुला जरा बरं होतं. नितीनचा फोन आला. तो फक्त "ये" म्हणाला. मी पोचले तेव्हा चादर तुझ्या पायांवरून सरकलेली होती. आजाराने तुझे दंड नेले, गाल नेले, पण पोटऱ्या सायकलवालीच्याच राहिल्या होत्या. घोट्याच्या वर मोज्याची ती रेघ, खाली गोरं, वर रापलेलं. इतके महिने उन्हात गेली नाहीस तरी फिकी का होईना, होती. मी चादर ओढली नाही. नर्सने ओढली.

परवा सकाळी येऊरला गेले. तू सांगितलेलं काम करायला. चढ दम लागेस्तोवर चढले, उतरले, परत चढले. दुसऱ्या वेळी मी तुझ्यावर इतकी चिडलेले की दात आवळून चालवत होते, आणि त्या चिडण्यात रडणं आलं तर ते रडताही येईना, सगळा श्वास पायांनी घेतलेला. शेवटच्या वेळी वाटलं आता पाय संपणार, नेहमीसारखे. ते संपले नाहीत, ताई. खाली काहीतरी होतं. तुझ्या खिडकीपाशी काढलेले ते सगळे तास होते. वर पोचून मी सायकल झाडाला टेकवली आणि धाप लागलेली असताना मोठमोठ्याने रडले.

सायकलवाल्या बायकांचा एक घोळका तिथे उभा होता. त्यांतली एक पाणी घेऊन आली. जाताना एवढंच म्हणाली, "मस्त चढलात तुम्ही. कोण शिकवतं?"

"नणंद," मी म्हटलं.

"नणंद? काय सांगता!" ती हसली. मीही हसले. 'शिकवायची' असं तोंडातून आलं नाही.

काल ट्रेनर आणायला डोंबिवलीला गेले. नितीन खाली गाडीपाशी थांबला. आई गॅलरीत बसल्या होत्या. मी यंत्राचे पाय दुमडत होते, तेव्हा त्या आत आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या.

"तुमची ती शर्यत असते, ती किती वेळ चालते गं?"

"सकाळपासून आई. मी संपवेपर्यंत अंधार पडेल."

"आणि बघणारे कुठे असतात?"

"रस्त्याच्या कडेला. खुर्ची वगैरे ठेवतात लोक."

त्यांनी पलंगावरची चादर हाताने सारखी केली. मग म्हणाल्या, "शुभदाला सायकल चालवताना मी कधी बघितलंच नाही. इथून दिसायची ती कोपऱ्यापर्यंत. वळली की संपलं. पुढे कशी चालवायची, काय करायची, मला काही ठाऊक नाही. मी नुसती म्हणत राहिले, पडशील, पडशील." पदराने डोळे पुसले. "मला घेऊन चल तिकडे."

"आई, ऊन असतं. दिवसभर बसावं लागेल. आणि सायकल समोरून जाते ती अशी भुर्रकन. नीट दिसणारही नाही."

"जाऊ दे गेली तर. परत येते ना?"

माझ्या हातातलं यंत्र मी खाली ठेवलं.

"येते आई. तोच रस्ता असतो, फेऱ्या मारायच्या असतात. परत परत येते."

"मग बसेन मी," आई म्हणाल्या.